वास आहे तोवर

माझं नाक गेलं तेव्हा आमच्या सफाईच्या चौकीतल्या लोकांनी माझ्याकडे पेढे मागितले होते.

“लॉटरी लागली रे तुला,” कामावरचा माझा जोडीदार म्हणाला होता. “आम्ही इथे रुमाल बांधून मरतोय, आणि तू फुकटात सुटलास.”

खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मी सक्शनच्या गाडीवर ऑपरेटर होतो. ट्रकच्या पाठीवर भलीमोठी टाकी, टाकीला मांडीएवढा जाड पाइप. रस्त्यातलं झाकण उघडायचं, पाइप आत सोडायचा, मशीन लावायची आणि गटारातला गाळ टाकीत ओढून घ्यायचा. गिरगावातल्या गल्ल्या, परळ, लालबाग, दादर, कधी रे रोडला लाकडाच्या वखारींमागचे पावसाळी नाले. गटार तुंबलं की लोकांना आमची आठवण व्हायची, आणि गाडी येऊन उभी राहिली की तेच लोक धाडधाड खिडक्या लावून घ्यायचे. अशा धंद्यात माणसाला वास येईनासा झाला तर त्याने रडायचं की हसायचं?

झालं ते असं. त्या वर्षी सगळ्या जगाला ताप आला. शहर बंद, दुकानं बंद, देवळंसुद्धा बंद. आमची गाडी चालू. घरात कोंडलेली माणसं काय संडासला जायची थांबतात? मलाही ताप आला, आणि उतरला. माझ्यासारखी ज्यांची ज्यांची नाकं गेली होती, त्यांची हळूहळू परत आली. कुणाला आधी चहाचा वास आला, कुणाला उदबत्तीचा. माझं नाक गेलं ते गेलंच. बायकोने सुक्या बोंबलाची चटणी केली, माझ्या नाकाखाली तवा धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. खाल्ली तर नुसतं तिखट आणि भुसा.

गाडीच्या कामाला तसं काही अडत नव्हतं. ते काम मुख्यतः हाताचं. चालू पाइपवर तळहात ठेवला की आतून काय जातंय ते कळतं. नुसतं पाणी असेल तर पाइप थरथरतो, खडी असेल तर टकटक लागते, आणि कापड अडकलं की पाइप एकदम ताठ होतो. लाइन चाळीची आहे की टॉवरची, हे मात्र हाताला कळत नाही. मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या चकचकीत टॉवरांच्या वॉचमननी आमची गाडी कधी सावलीत लावू दिली नाही, आणि वरच्या सगळ्यांचं सगळं आमच्याच टाकीत. असो. मला राग लवकर येतो, असं बायको म्हणते. खरं आहे ते.

नाक गेलं म्हणजे काय गेलं, हे मला घरी कळलं.

मुलगी लहान होती तेव्हापासून आमच्या घरात एक परीक्षा असायची. मी ड्यूटीवरून आलो की कुणाला हात न लावता थेट मोरीत. लाल साबणाने घासून घासून आंघोळ. बाहेर आलो की ती खुर्चीवर चढायची, माझ्या मानेत नाक खुपसायची, डोळे मिटून मोठा श्वास घ्यायची आणि निकाल सांगायची. “पास!” नाहीतर “नापास!” नापास झालो की पुन्हा मोरीत, दुसरी बादली. बायको ओरडायची, अहो नळ जाईल, पाणी भरायचंय अजून. मी कधी कधी मुद्दाम कानामागे साबण न लावता यायचो. त्या पोरीला नापास म्हणायला फार आवडायचं.

पुढे ती शिकली, गिरगावात खोताच्या वाडीजवळच्या एका छोट्या शाळेत बालवर्गाला शिकवायला लागली, तरी आमची परीक्षा सुटली नाही. फक्त आता खुर्ची लागत नव्हती. पर्स खांद्याला लावता लावता ती माझ्या कॉलरपाशी नाक न्यायची, “पास” म्हणायची आणि जायची. तापाच्या आधी हा खेळ होता. तापानंतर माझा सगळा भार त्या एका शब्दावर आला. पूर्वी माझ्या अंगाचा वास निदान मला तरी कळायचा. आता लग्नात, विहारात, बसमध्ये शेजारचा माणूस जरा सरकून बसला की मी उठून उभा राहायचो. म्हणून तिने पास म्हटल्याशिवाय मी उंबरा ओलांडायचो नाही. आणि तापानंतर ती मला एकदाही नापास म्हणाली नाही. मला वाटायचं, माझा हात साबणावर बसला.

माझा बाप महापालिकेच्या ह्याच खात्यात होता. त्याच्या वेळी मशीन नव्हती, तो स्वतः उतरायचा. कमरेला दोर, पोटात देशी. शुद्धीत उतरायची कुणाची छाती नव्हती. मला त्याने पोहायला शिकवलं नाही, सायकल शिकवली नाही. एक गोष्ट मात्र बजावून बजावून शिकवली. “वास आहे तोवर भीती नाही. वास गेला की मागे हो. गटारातला गॅस आधी नाक मारतो, मग माणूस.”

मशीन आली, माणसं उतरायची बंद झाली. पण पाइपच्या तोंडाशी गोधडीचा तुकडा अडकला तर तो काढणार कोण? कुणीतरी झाकणाच्या कडेला पालथं पडायचं, डोकं आणि खांदे आत घालायचे आणि आकड्याने ओढायचं. ह्याला उतरणं म्हणत नाहीत. पाय रस्त्यावरच असतात ना! अशा वेळी दुसऱ्याने त्याच्या पायांशी उभं राहून हाक द्यायची, अशी आमच्या चौकीची रीत होती. “आहे... आहे... आहे...” म्हणजे वास आहे. आत डोकं घातलेल्याचं नाक लगेच बधिर होतं, त्याला काही कळत नाही. म्हणून वरच्याचं नाक तेच त्याचं नाक. घाण वास येत राहिला तर ठीक. एकाएकी यायचा बंद झाला की हाक सोडायची आणि पाय धरून ओढायचं, मग खालच्याची छाती सोलवटली तरी चालेल. गॅसचं मीटर होतं. कपाटात होतं, खोक्यात, सेल गेलेलं.

तापातून उठून मी कामावर गेलो आणि पहिल्याच आठवड्यात परळला पाइप ताठ झाला. जोडीदार सवयीने पालथा पडला. “दे हाक,” म्हणाला. मी उभा राहिलो, तोंड उघडलं. सकाळची हवा, एवढंच काय ते नाकात गेलं. उघड्या गटाराच्या तोंडावर उभा होतो मी, आणि माझ्यासाठी वास कधीचाच गेलेला होता. म्हणजे बापाच्या शिकवणीप्रमाणे मी रोज, सगळीकडे, घरात जेवतानासुद्धा मरणाच्या तोंडावर उभा होतो.

“ऊठ,” मी त्याला म्हणालो. “मला काय येत नाय.”

“काय नाय?”

“वासच येत नाय तर हाक कसली देऊ? ऊठ तू.”

तो उठून बसला. कपाळाचा घाम पुसला. लॉटरीची थट्टा त्या दिवशी बंद झाली. मग आम्ही दोघांनी आपसात तोड काढली. पालथं मी पडायचं, हाक त्याने द्यायची. तेवढ्यापुरता मशीनचा खटकाही त्याने सांभाळायचा. ऑपरेटरने पालथं पडायचं नसतं. आमच्या घराण्यात गटाराच्या वर उभा राहिलेला मी पहिला माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीवर चढणारा. त्या शर्टाची छाती पुन्हा जाऊन रस्त्याला टेकली. पण दोघंही जिवंत होतो आणि कुणाला काही कळत नव्हतं. वर्ष, दोन वर्षं, त्याहून जास्त असंच चाललं. खाली डोकं घातलं की वरून त्याचा घोगरा आवाज यायचा, आहे, आहे, आणि मला अगदी निर्धास्त वाटायचं. आयुष्यात इतकं निर्धास्त मला दुसरीकडे कुठे वाटलं असेल, असं नाही.

मग ती लालबागची दुपार. पावसाळ्याआधीची नालेसफाई चालू होती. ऊन रणरणत होतं. मी खांद्यापर्यंत आत, जोडीदार हाक देतोय, आणि नवे साहेब मोटारसायकलवरून आले. तरुण पोरगा. आधीचे साहेब जीपमधून काच खाली करून बोलायचे. हा उतरला, हेल्मेट काढलं, जवळ आला.

“काका, ऑपरेटर तुम्ही ना? मग तुम्ही खाली आणि हे वर कसे?”

जोडीदार हजरजबाबी. “कंबर धरलीय साहेब त्याची. जरा ताणून घेतोय.”

साहेब हसला नाही. तो जोडीदारावर घसरला. ऑपरेटरला झोपवून तुम्ही मशीनला हात लावता? परवानगी कुणी दिली? उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मेमो देतो तुम्हाला. जोडीदार मान खाली घालून उभा. त्याच्या पायांवर माझ्याच छातीची माती उडालेली दिसत होती. जो माणूस इतके दिवस माझं नाक झाला होता, त्याने माझ्यापायी बोलणी खायची? मला ते सोसलं नाही.

“त्याला बोलू नका साहेब,” मी म्हणालो. “मला वास येत नाही. हाक तोच देऊ शकतो.” आणि एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. “चालू मीटर द्या आम्हाला. मग माझ्या नाकाची गरजच काय कुणाला?”

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं तर नाक दाबायला शिल्लकच नव्हतं, तरी उघडलं.

साहेबाने माझ्या मळलेल्या खांद्यावर हात ठेवला. “काका, हे आधी सांगायचं ना. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.” अगदी मनापासून म्हणाला. तेच वाईट झालं. हरामखोर असता तर मी त्याला चहा पाजून, हातापाया पडून गप्प केला असता. चांगल्या माणसाला गप्प कसं करायचं हे मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या तपासणीचा कागद पाठवला, आणि नवीन मीटरही मागवलं. मीटर खरोखर आलं. ते आलं तेव्हा मी गाडीवरून उतरलेलो होतो.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी टेबलावर छोट्या बाटल्या मांडल्या. डोळे मिटा, म्हणाल्या, आणि ओळखा. शाळेतसुद्धा मी परीक्षेला इतका घाबरलो नव्हतो. पापण्यांच्या फटीतून बघायचा प्रयत्न केला, बाटल्या सगळ्या सारख्या. पहिली नाकाशी आली. मी म्हटलं, लवंग. दुसरी आली. निलगिरी, म्हटलं. ठोकून देतो ऐसाजे. तिसरीला मी जरा वेळ घेतला, मान हलवली, जाणकारासारखा चेहरा केला आणि म्हणालो, कापूर.

“ह्यात पाणी आहे,” बाई म्हणाल्या.

पुढच्या बाटल्या त्यांनी उघडल्याच नाहीत.

मी हलकं काम मागितलं. शिपाई करा, चौकीत झाडलोट द्या, झाकणांवर नंबर रंगवायला द्या. जागा नाही, म्हणाले. कायमचा अपात्र, असा शिक्का बसला.

आता खोलीचं सांगतो, कारण सगळं त्या खोलीवर येऊन थांबतं. आम्ही राहतो ती परळची खोली खात्याची आहे. नोकरी आहे तोवर खोली. मी जन्मलो तिथेच, माझं लग्न तिथूनच झालं, भिंतीवरच्या दोन तसबिरी बापाने लावल्या त्याच खिळ्यांवर अजून आहेत. नोकरी गेली की खोली सोडायची, नाहीतर घरातल्या एकाने वारस म्हणून खात्यात लागायचं. बाप गेला तेव्हा मी असाच लागलो होतो. वारसाला जागा एकच मिळते, झाडूची. मीही झाडूच घेतला होता. पुढे हेवी गाडीचं लायसन काढलं, धडपडून गाडीवर आलो. ज्या दिवशी गाडीवर चढलो त्या दिवशी बायकोला म्हणालो, ह्या घरातला झाडू माझ्याबरोबर संपला. मला पैसाअडका, मानपान कशाचा सोस नव्हता. माझ्या मुलीच्या हातात झाडू येऊ नये, एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात हवी होती. नोकरीची अजून बरीच वर्षं बाकी होती. तोवर ती शाळेत कायम होईल, आम्ही कर्जतच्या पुढे कुठेतरी एक खोली करू, असं सगळं मनात बांधून ठेवलेलं. एका दुपारी मी तोंड उघडलं आणि ती सगळी वर्षं गेली.

कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, “वारस कोण?”

“मुलगीच आहे. एकुलती एक. पण ती शिकलेली आहे.”

“शिकलेल्याही येतात आता,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

घरी बायको माझ्याशी बोलेना. बोलली तेव्हा एकदाच बोलली. “जगाची नाकं जातात. माणसं गप्प बसतात. तुम्हालाच कसला हो राजा हरिश्चंद्र व्हायचं होतं?” जोडीदार एका रविवारी येऊन गेला. चहा पितापिता बशीत बघून म्हणाला, “मी कंबर बोललो होतो ना रे. कंबर बरी होती.” चहा अर्धा ठेवून तो उठला.

मुलीने ठरवून टाकलं होतं. आम्हाला तिने फक्त सांगितलं.

मी आरडाओरडा केला. भिंतीला हात आपटला. म्हटलं, खोली गेली खड्ड्यात, आपण भाड्याने राहू, कर्जतला जाऊ, कसाऱ्याला जाऊ, मी वॉचमनकी करीन.

“तुम्हाला वॉचमन कोण ठेवणार, पप्पा?” ती म्हणाली. “गॅस लीक होऊन बिल्डिंग उडाली तरी तुम्ही खुर्चीत पेपर वाचत बसाल.”

एवढ्या भांडणात आम्ही तिघंही हसलो. हसता हसता बायको रडायला लागली, मग मी. मुलगीच तेवढी रडली नाही. ती म्हणाली, “शाळा मला दर जूनला नव्याने सांगते, बघू ह्या वर्षी लागतील का टीचर. इथे निदान तसं नाही. आणि आईचे गुडघे हे असे, ती रोज कुठून कुठे चढणार-उतरणार? मी सगळा विचार केलाय. आता तुम्ही दोघांनी मला त्रास देऊ नका.” तिने खरोखरच सगळा विचार केला होता. माझ्या वाट्याला विचार करायला काही ठेवलंच नव्हतं.

शाळेत तिने सांगितलं, सरकारी नोकरी लागली. टीचर्स रूममध्ये टाळ्या वाजल्या. वा वा, परमनंट? क्वार्टर्स पण? लकी आहेस गं, पेढे हवेत. तिने जाताना पेढे नेले. नोकरी कसली, ते कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घरी आली तेव्हा डब्यात दोन पेढे उरले होते. एक तिने माझ्या हातावर ठेवला. मला नुसती साखर लागली.

तिला शिवाजी पार्कच्या बाजूचा रस्ता मिळाला. पहिल्या दिवशी ती अंधार सरायच्या आत निघाली. केशरी जाकीट तिने घडी करून पिशवीत घातलं होतं. चाळीतून घालून गेली नाही. आईने डबा दिला. निघताना मुलगी मला म्हणाली, “तुम्ही यायचं नाही हं.” मी कशाला येतोय, म्हटलं. ती वळली आणि मी चपला शोधायला लागलो.

पार्काच्या कट्ट्यावर मी जाऊन बसलो. सकाळचे फिरायला येणारे लोक येत होते, निवृत्त माणसं, पांढरे बूट, हातात घडी घातलेली वर्तमानपत्रं. नेटमधून चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज येत होता. माझ्याशेजारी दोन म्हातारे मुलांच्या व्हिसाबद्दल बोलत बसले होते. मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेलो होतो. त्यांच्यातला कुणी सरकला नाही. लांबून ती दिसली. तोंडाला मास्क, हातात मोजे, तो लांब दांड्याचा झाडू. तिची पद्धत चुकत होती. सगळा जोर मनगटाने लावत होती. झाडू कमरेतून फिरवायचा असतो, नाहीतर दुपारपर्यंत हात जातो. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. शिकवणार तरी कशाला होतो?

उठून जावं असं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते. ती झाडत झाडत कट्ट्याजवळ आली. पानं, चहाचे कप, कुत्र्याची घाण. शेजारच्या म्हाताऱ्याने बोलणं न थांबवता, तिच्याकडे न बघता, आपले दोन्ही पाय वर उचलले. दुसऱ्यानेही उचलले. झाडू माझ्या पुढ्यात आला.

मीही उचलले.

दुसरं काय करणार होतो? झाडू माझ्या पायांखालून गेला, दोनदा. तिने वर पाहिलं नाही. माझ्या चपला तिनेच मला घेऊन दिलेल्या होत्या, दादरहून, गेल्या दिवाळीला. ती पुढे गेली. म्हाताऱ्यांनी पाय खाली ठेवले. मी बराच वेळ तसाच, पाय अधांतरी धरून बसलो होतो. माझा बाप खाली उतरायचा तेव्हा त्याच्याकडे असं न बघता किती लोक गेले असतील, आणि त्याला काय वाटलं असेल, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं, आपण त्या भोकातून वर आलोय. एका पिढीपुरते येऊन गेलो, इतकंच.

दुपारी ती घरी आली. जाकीट पुन्हा पिशवीत. बायकोने ताट वाढायला घेतलं. ती कुणाला हात न लावता थेट मोरीत गेली. लाल साबण तिथेच होता, माझा. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. मग ती केस पुसत बाहेर आली, स्वच्छ कुडता घातलेला, उजवं मनगट डाव्या हाताने दाबत. माझ्यासमोर उभी राहिली.

“पाय छान उचलता हं, पप्पा,” म्हणाली.

मी खाली बघितलं.

तिने मान जराशी वाकडी केली आणि कॉलर पुढे केली. “बघा. पास की नापास?”

मला काही येत नाही हे तिला माहीत होतं. घरात तिच्या आईचं नाक शाबूत होतं. तरी तिने मला विचारलं. मी वाकलो, तिच्या मानेशी नाक नेलं, डोळे मिटले आणि जीव खाऊन श्वास ओढला. ओल्या केसांचा गारवा तेवढा लागला. साबण नाही, घाम नाही, रस्ता नाही. लहानपणी तिच्या टाळूला तेलाचा वास यायचा, तो नाही. पुन्हा ओढला. तेव्हा कळलं की तापानंतर मला मिळालेले सगळे पास कसे होते.

“पास,” मी म्हणालो.

“थँक यू, सर,” ती हसून म्हणाली, आणि वळून परत मोरीत गेली. मला वाटलं, टॉवेल वाळत घालायला गेली असेल. आतून कडी लागली. मग बादलीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला.

बायको ओट्यापाशी उभी होती, हातात आमटीची वाटी. नळ जायची वेळ झाली होती, प्यायचं पाणी अजून भरायचं होतं. ती मोरीच्या दाराकडे बघत राहिली आणि काही ओरडली नाही.